बावीस पायऱ्या

पुरावा कशाला म्हणावा, हे शेषेराव मास्तर चौथ्यांदा वाचत होते, तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. अंगावर धुऊन विटलेलं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी.

"शेषेराव मास्तरचं घर हेच का?"

"हेच. या, बसा."

"मी साखराबाई. सुकन्याची माय."

मास्तरांची पेन्सिल थांबली. नऊ वर्षांत हे नाव त्यांच्यापुढे कुणी काढलं नव्हतं. त्यांनी स्वतःही कधी घेतलं नव्हतं. पण एखादा दिवस त्या नावावाचून गेला असेल तर शपथ.

साठी उलटल्यावर मास्तरांनी बाहेरून कायद्याची पदवी करायला घेतली, तेव्हा निम्म्या निलंग्यानं त्यांची टर उडवली. सून वर्षाराणी म्हणाली, "मामा, आता काळा कोट शिवायचा का?" लातूरच्या अभ्यासकेंद्रातल्या कारकुनानं तर अर्ज घेतानाच बजावलं, "सर, असल्या पदवीवर सनद मिळत नाही. कोर्टात उभं राहता येणार नाही बरं का." ऐकून घरातले हळहळले. मास्तरांना मात्र हायसं वाटलं. त्यांना कोर्टात उभं राहायचंच नव्हतं. पुस्तकं पोस्टानं घरी यावीत, आपण ती दार लोटून वाचावीत आणि आपल्या हातून नेमकं काय घडलं ते एकदाचं कळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"लोह्याहून आले, दोन गाड्या बदलून," साखराबाई म्हणाली. "तुमी कायदा शिकून राहिलाव म्हनं. येवढा कागद वाचून दाखवा."

पिशवीतून निघाली ती पंचनाम्याची झेरॉक्स. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. हा कागद ते आयुष्यात पहिल्यांदाच वाचणार होते.

तेव्हा ते सुकन्याच्या सासरच्या गावी शाळेवर होते. फौजदारानं जीपमधूनच हाक मारली होती. "गुरुजी, पंच म्हणून शिकलेला माणूस लागतो. सही करून ठेवा, मजकूर आम्ही भरतो." खेड्यावर मास्तरला ही सही काही नवी नसते. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी ती केली आणि पाचवीच्या वर्गावर निघून गेले. शेतातल्या ज्या विहिरीत सुकन्याचं प्रेत सापडलं होतं, तिकडे त्यांनी पाऊलही टाकलं नाही. आणि तेव्हापासून ती न पाहिलेली विहीरच त्यांना रोज दिसू लागली. आत पायरीवर सुकन्या बसलेली, केस ओले, वरून कोणी डोकावतंय का ते बघत. चोवीस वर्षांची पोर. मास्तर डोकावायचे आणि दचकून मागे सरायचे.

"वाचा की."

मास्तर वाचू लागले. "'सदर विहीर दगडी बांधणीची असून तिला एकूण बावीस पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर शेवाळ असून त्यावर पाय घसरल्याची ताजी खूण दिसते. आजूबाजूला झटापटीच्या कसल्याही खुणा नाहीत...'"

"किती पायऱ्या?"

"बावीस."

"त्याला एक बी पायरी न्हाई, मास्तर. विहीर कुठली, आड हाय तो. दोरीनं पानी शेंदायचा. मान्सानं उतरायचं म्हनलं तर दोरच सोडावा लागतो."

पायरीच नव्हती, तर मग नऊ वर्षं ती पोर बसली कुठे होती?

"आता तर आड बी बुजवला तिच्या सासरच्यांनी. वर सोयाबीन हाय," साखराबाई सांगत होती. "मी बोंबलून सांगतलं, पायऱ्या न्हाईत म्हून. समदे म्हन्ले, कागदात हायत तर हायत. दोघा मान्सांनी डोळ्यानं पाहून सह्या केल्यात." तिनं हात पुढं केला. वाचता येत नव्हतं तिला, पण बोट बरोबर शेवटच्या ओळींवर गेलं. "हितं नावं हायत. ती वाचा."

"पंच क्रमांक एक, रेवणप्पा."

"ते औंदा वारले. दुसरं?"

वर्षाराणी चहा ठेवून गेली. मास्तरांनी कप बाजूला सारला. मग शाळेत हजेरी घ्यायचे तशा आवाजात त्यांनी स्वतःचं नाव आडनावासकट वाचलं.

साखराबाईनं मान हलवली. ती चिडली नाही, रडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

"तुमी गेलता का आडाजवळ?"

"नाही."

"मंग पाह्यलं काय?"

"काहीच नाही. कागद कोरा होता, बाई. मी कोऱ्या कागदावर सही केली." मग घाईघाईनं त्यांनी समोरची पुस्तकं ओढली, एकावर एक रचली. "म्हणून तर हे शिकतोय. तीन वर्षांत पदवी होईल. मग तुमचा एकेक कागद मी स्वतः बघतो. अर्ज लिहून देतो, लातूरला चांगला वकील गाठून देतो, त्याला सगळं समजावतो..."

साखराबाईनं पंचनाम्याची घडी घातली. पिशवीत ठेवली.

"वकील दोन करून झाले, मास्तर. तुमी आत्ता मला जे सांगतलं ना, तेवढंच कोर्टात येऊन सांगा. त्याला कंची पदवी लागती?"