पुढची तारीख

चोरीचे खटले आता यंत्रच निकाली काढायचं, तेही घरबसल्या फोनवर. गुन्हा कबूल केला की पाच मिनिटांत निकाल. सगळे कबूल करून मोकळे होत, त्यामुळे जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात कबुतरंच उरली होती. एकट्या इंदुमतीबाई घोणसे कबूल करेनात, म्हणून त्यांचा खटला माणसांपुढे चालवावा लागे.

शिपाई हणमंत दाराशी आला. बाकावर इंदुमतीबाई एकट्याच बसल्या होत्या, तरी रिवाजाप्रमाणे त्याने तीनदा पुकारा केला, "इंदुमती रावजी घोणसे, हाजीर हो!"

तिसऱ्या हाकेपर्यंत त्या उठल्या नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिल्या. घरी त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"आजी, सराफाच्या दुकानातला हार तुम्हीच उचललात, कॅमेऱ्यात दिसतंय," न्यायाधीश म्हणाल्या. "यंत्राकडे कबूल केलं असतंत तर ताकीद देऊन सोडलं असतं. इथे दोषी ठरलात तर तीन वर्षं आत जाल. कशाला ताणताय?"

"तारीख द्या, मॅडम," इंदुमतीबाई म्हणाल्या. "आणि जरा जवळची द्या. मागची फार लांब पडली."