गावकुसाची रेघ

सन १८८२. जुन्या बांधकामांची नोंद करायला सरकारी कारकून दहिवलीजवळच्या खेड्यात आले, तेव्हा आबाजी पाटलांना कोण आनंद झाला. त्यांनी गावाभोवतीचे मातीचे उंचवटे मिरवत दाखवले. "आमच्या पूर्वजांनी बांधलेलं गावकूस हाय हे, अण्णा. चारशे वर्सं झाली. सरकारी पुस्तकात आमचं नाव लिवा."

कारकुनांनी दुपारभर साखळी टाकून मोजणी केली, उंचवटे रेघेनं जोडले आणि नकाशा पाटलांपुढे धरला. "रेघ अगदी नीट जुळते, पाटील. महारवाडा गावकुसाच्या आत येतो. तुमचा वाडा तेवढा बाहेर पडतो."

पाटलांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. मग पायानं एक ढेकूळ फोडलं.

 

"तसं बघाल तर अण्णा, हा बांध आमच्या बानं म्हशी अडवायला घातलेला हाय."