झोपेतला होकार

कुंडलिक जागा झाला तेव्हा त्याच्या तोंडात साखर होती.

समोर घोंगडीवर होटगीचे महिपतराव हसत बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा जोतीराम मान खाली घालून पायाचा अंगठा चोळत होता.

"साखर कशापायी?" कुंडलिकनं विचारलं.

"आता घ्या! सोयरीक जमली की," त्याची थोरली बहीण बजाबाई म्हणाली.

"कुणी जमवली?"

"तुमीच," महिपतराव म्हणाले. "मी इचारलं, वच्छलाला आमच्यात देता न्हवं? तुमी मान हालवली. एकदा न्हाय, तीनदा."

कुंडलिकनं कोनाड्यातल्या औषधाच्या बाटलीकडं पाहिलं. गिरणीतल्या कापसानं धरलेला खोकला तिनं आठ दिवसांत घालवला होता; पण घोट पोटात गेला की तो बसल्या जागी पेंगायचा. परवा तर न्हाव्याच्या वस्तऱ्याखालीच झोपला.

आधीची तीन स्थळं त्यानं चांगलं जागेपणी परत लावली होती. एकाचं गाव लांब, एकाची आई तोंडाळ, एकाचं नाक मोठं. पोरगी गेली की घरात आपण एकटे, हे कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

तो बहिणीच्या कानाशी लागला. "आक्का, मी पेंगत हुतो."

"म्हाईत हाय. म्हणून तर घाईनं साखर घातली."

"मग त्यास्नी सांग की."

"तूच सांग."

दाराआड वच्छला तोंडाला पदर लावून हसत होती. या घरात कितीतरी दिवसांनी कुणी असं हसत होतं. बापानं तिच्याकडं पाहिलं तशी ती हसायची थांबली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"महिपतराव," कुंडलिक म्हणाला, "खरं सांगतो, मी झोपेत हुतो."

जोतीरामचा हात अंगठ्यावरच थांबला.

"आता जागा हाय. साखर पुन्यांदा घाला तोंडात."

पाहुणे गेल्यावर वच्छलानं चूल पेटवली. कुंडलिक बाह्या सारून काटवटीपुढं येऊन बसला.

"आबा, हितं काय करता?"

"लग्नाला दोन म्हैनं हायती. तवर भाकरी शिकीव. पीठ किती घ्यायचं?"

"किती जणांचं?"

"एकाचं," तो म्हणाला. मग पिठात हात घालत म्हणाला, "तिघांचंबी सांगून ठेव. याल की कवातरी."