सुपूर्तनामा

"काका, दोन मिनिटं. जप्तीचे पंच म्हणून सही करा," औषध खात्याचे इन्स्पेक्टर म्हणाले. मी वैद्यांच्या दुकानात बायकोचं भांगेचं तेल न्यायला आलो होतो. कॅन्सरच्या कळांवर तिला तेवढंच लागू पडतं, आणि घरातली बाटली सकाळीच संपली होती.

बाटल्यांवरचा इशारा नियमापेक्षा बारीक अक्षरांत छापलेला निघाला, म्हणून सगळा साठा खोक्यात भरून त्यावर लाखेचं सील मारलं होतं. मी सही केली. चहा आला, तोही प्यायलो.

"आता माल ठेवायचा कुठं?" इन्स्पेक्टर म्हणाले. "आमचं गोदाम गळतंय. काका, तुम्ही सज्जन दिसता. सुपूर्तनाम्यावर तुम्हीच सांभाळा. सील तुटलं तर मात्र तुरुंगात जाल."

खोकं रिक्षानं घरी आणून मी पलंगाखाली सारलं.

"मिळालं का हो?" उशीचं टोक तोंडातून काढून बायकोनं विचारलं.

"चाळीस बाटल्या मिळाल्या. सरकारनं राखायला दिल्यात. सील फोडलं तर मी तुरुंगात."

"नको हो," ती म्हणाली. "तुम्ही तिकडं गेलात तर मला कुशीवर कोण वळवणार?"

मी तिला कुशीवर वळवलं, पलंगाखालचं खोकं बाहेर ओढलं आणि स्वयंपाकघरातून सुरी आणली.