दिवेलागणीनंतरची नखं

ओसाकातल्या एका खोलीच्या घरात फुमिए एकटीच मोबाइलवरून गिटार शिकत होती. पडद्यावरचा शिक्षक म्हणाला, "डाव्या हाताची नखं कापा, म्हणजे तारा खरखरणार नाहीत." तिनं नेलकटर उचललं आणि ती थबकली. बाहेर अंधार पडला होता. दिवेलागणीनंतर नखं कापली तर आईबापाच्या शेवटच्या घटकेला लेक पोचत नाही, असं आई बजावायची. तिनं गावी फोन लावून विचारलं, "आई, आत्ता नखं कापू?" आई हसली. "काप गं बाई! एरवी तरी तू कुठं वेळेवर पोचणार आहेस?" फुमिएनं नेलकटर खणात टाकलं, फोन जवळ ठेवला आणि शिकलेलं गाणं बोटांनी छेडलं. "गाणं गोडंय. पण ही खरखर कसली?" आईनं विचारलं. "नखं नाही कापली." आई हळूच म्हणाली, "असू दे खरखर. पुन्हा वाजव."