दुपारची श्रुतिका

संस्कृत बातम्या लागल्या तशी भामाबाईने नवऱ्याला डाव्या कुशीवर वळवलं. त्या बातम्यांतलं दोघांनाही अक्षर कळत नसे. पण त्या लागल्या की वळवायचं, एवढं तिला कळत होतं आणि तेवढं पुरे होतं.

ज्योतिबाचं उजवं अंग लुळं पडून दीड वर्ष झालं होतं. पडून पडून माकडहाडापाशी लिंबाएवढी जखम झाली होती. उपकेंद्रातल्या प्रियंका सिस्टरने बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि पाठीवर ठेवायचं ते फक्त जेवणापुरतं. भिंतीवर घड्याळ होतं, पण पहाटेपासून राबणाऱ्या बाईला त्याच्याकडे बघायची आठवण कोण करून देणार? लेकाने, तानाजीने, मोबाईलवर गजर लावून दिला आणि तो पुण्याला निघून गेला. गजर वाजला की तो बंद करून घ्यायला मोबाईल घेऊन शेजारी पळावं लागे. शेवटी तिने आपला दिवस रेडिओला बांधला. संस्कृत बातम्यांना डावी कूस, शेतीच्या सल्ल्याला उजवी, बायकांच्या कार्यक्रमाला परत डावी. रेडिओ त्याच्या उशाशी, चालत्या हाताजवळ, दिवसभर बोलत असे.

जखम भरत आली होती. दोन महिने लागले त्याला. उद्या सिस्टर पट्टी सोडून बघणार होती.

"आजी, कोरडी दिसली तर इथंच ठेवू," ती मागच्या खेपेला म्हणाली होती. "ओली दिसली तर साताऱ्याला पाठवणार. मग माझ्याशी भांडायचं नाही."

साताऱ्याची भामाबाईला धास्ती होती. मागच्या वेळी तिथल्या दवाखान्यात बावीस दिवस ती खाटेखाली जमिनीवर निजली होती. आता तेवढं बळ तिच्यात नव्हतं. खरं सांगायचं तर आता तिच्यात कसलंच बळ नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत सलग दोन तास डोळा लागल्याचं तिला आठवत नव्हतं.

शेतीच्या सल्ल्यात कुणी साहेब डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी सांगत होते. यांच्या रानात कुसळांपलीकडे काही येत नव्हतं. तिने त्याला उजवीकडे वळवलं, अंग पुसलं, धुणं धुतलं, शेळ्यांना पाला टाकला. मग बायकांचा कार्यक्रम लागला. एक गोड आवाजाची डॉक्टरीण म्हणाली, गृहिणींनी रोज अर्धा तास तरी स्वतःसाठी काढावा.

"कुठनं काढू, बाई?" त्याला डावीकडे घेताना भामाबाई म्हणाली. "तुझ्यातला दे."

ज्योतिबा अर्ध्या तोंडाने हसला.

दुपारी तिने त्याला पाठीवर घेऊन आमटीत कुस्करलेली भाकरी भरवली. तेवढ्यात श्रुतिका सुरू झाली. सासू आणि सून फ्लॅटवरून भांडत होत्या. अर्ध्या तासाने श्रुतिका संपणार, आरोग्याची प्रश्नोत्तरं लागणार, की उजवी कूस. उष्टं ताट हातात घेऊन भामाबाई खांबाला टेकली. सून काय म्हणतेय ते ऐकता ऐकता तिची मान छातीवर आली.

शेळी ओरडली तेव्हा ती जागी झाली. धार काढायची वेळ टळली की शेळी अशीच ओरडे. घरात दुसरा आवाज नव्हता. रेडिओचे सेल संपले असं तिला आधी वाटलं. मग ताटातली आमटी वाळून तिला खपली धरलेली दिसली. ऊन उंबरा ओलांडून पार चुलीपर्यंत आलं होतं.

ती धडपडत उठली. ज्योतिबा जेवताना होता तसाच होता, पाठीवर, जखमेवर. कपाळ घामाने भिजलेलं. खालचा ओठ दातांत.

"रेडू का बंद हाय?"

जड जिभेने तो सावकाश म्हणाला, "आत्ताच… जेवलो की. पड आजून."

चाळीस वर्षं मेंढरांमागे हिंडून नुसत्या सावलीवरून वेळ सांगणारा माणूस. एस.टी. निघायला किती अवकाश आहे, हे अख्खी आळी त्याला विचारायची. दारातून आत सरकणारं ऊन त्याने टक लावून पाहिलं असणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रेडिओचं बटण त्याच्या डाव्या हाताशी होतं. ते त्यानेच फिरवलं होतं.

तिने त्याला वळवलं. पट्टी भिजली होती. सोडली तर रक्त आणि पाणी. दोन महिन्यांची मेहनत एका दुपारीत गेली होती. तिला त्याचा इतका राग आला की हात उगारावासा वाटला.

"हाक माराय काय झालं हुतं तुमास्नी? जीभ झडली हुती? आता उद्या ती पोरगी काय म्हणंल? आवं, आता साताऱ्याला कुनी उचलून न्यायचं तुमास्नी? मी?"

ती रडतच चुलीकडे गेली, पाणी कोमट केलं, जखम पुसायला लागली. कापूस टेकला की त्याचं अंग शहारत होतं, पण तोंडातून आवाज येत नव्हता.

"का केलासा असं?" हुंदका आवरत तिने विचारलं. "बोला की."

ज्योतिबा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"घोरत हुतीस," तो म्हणाला. "लय दिसानं आयकलं."