सर्व्हर झोपलाय

दर चुसॉकच्या सणाला ओक-बुनच्या लेकाचा सोलहून फोन यायचा, "आई, यंदाही यायला जमत नाही गं. रेल्वेची वेबसाइटच उघडेना, सर्व्हर झोपलाय."

या मेल्या सर्व्हरला एकदा बघतेच, म्हणत ती गावात कॉम्प्युटर शिकायला बसली. ब्राउझर, लिंक, लॉगिन... डोक्याचा पार भुगा झाला. "आजी, रांग लागली की रिफ्रेश मारू नका, पुन्हा शेवटी जाल!" मास्तर रोज खेकसायचा.

यंदा बुकिंग सुरू झालं तेव्हा ती दोन्ही हात मांडीखाली दाबून पडद्यासमोर बसून राहिली. चक्क खिडकीची जागा मिळाली. तिनं लगेच लेकाला फोन लावला, "ते-ग्यू, तुझं तिकीट मी काढलं रे!"

"अगं आई... सणाला आम्ही जेजू बेटावर फिरायला चाललोय. विमानाची तिकिटं कधीच ऑनलाइन काढलीत."



‘रद्द करा’ कुठे असतं, ते तिला कुणी शिकवायची गरज पडली नाही.